कोणी कोणाला आणलं?

सोनगडच्या दिवाणांचा हुकूम कडक होता, दरबारात कुणीही कुत्रा आणू नये. पायांनी अधू तुळसा कुंभारीण आपल्या पाडायला काढलेल्या झोपडीसाठी दाद मागायला आली, ती चाकं लावलेल्या पाटावर बसून. दोरी ओढत होता तिचा कुत्रा, भुऱ्या.

दिवाण कडाडले, “कुत्रा का आणलास?”

“मी कुठं आणला, सरकार? त्यानंच मला आणलं.”

दिवाण गोंधळले. “शिपाई, हिला अडव! नाही, त्याला! थांब, आणलं कुणी कुणाला?” शिपाई एक पाऊल तिच्याकडं, एक कुत्र्याकडं टाकत राहिला.

“ते काही नाही, कुत्र्याला हाकला!”

तुळसानं दोरी दिवाणांपुढं धरली. “मग घ्या, सरकार. घरी सोडा मला. वाटेत चढ आहे बरं का.”

दिवाणांनी दोरीकडं पाहिलं, भुऱ्याकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, “झोपडीचं काय म्हणत होतीस?”