बोलाचा खडक आणि माळावर पडलेले विमान

मुलांनो, ही गोष्ट नीट बसून वाचा. मधेच शेवटचे पान उलटू नका.

डोंगरमाथ्याखालच्या एका जंगलात, जुन्या उंच आंब्यावर, एक घार घरटे करून राहिली होती. घरट्यात दोन अंडी होती. तिने अंडी घातली आणि पाठोपाठ तिचा नर वादळात सापडला. तो परत आला नाही. त्यामुळे अंडी उबवायची तिनेच आणि पोटाला आणायचेही तिनेच. सकाळी ऊन घरट्यावर आले, की तेवढ्या वेळात ती पाण्यावर जाई, एखादा मासा उचली आणि लगेच परत येऊन बसे. जंगलात तिचे कुणाशी भांडण नव्हते. फारशी मैत्रीही नव्हती. उंचावर राहणाऱ्याचे असेच होते.

त्या जंगलात एक रीत होती. ओढ्याकाठी एक सपाट खडक होता. त्याला सगळे बोलाचा खडक म्हणत. काही घडले, की जंगलाचा म्हातारा गवा सर्वांना तिथे बोलावी. एकेकाने खडकावर चढायचे आणि बोलायचे. जो चढला, त्याने काहीतरी सांगूनच खाली उतरायचे. कुणी न बोलता उतरला, तर सगळे त्याला हसत आणि त्या दिवशी त्याला पाण्यावर सर्वांत शेवटी जावे लागे. रीत जुनी होती. ती चांगली की वाईट, हे कुणी विचारले नव्हते. जुन्या गोष्टीला कुणी विचारत नाही.

एके दिवशी सकाळी माथ्यावरच्या माळावर एक लहान जेट विमान पडले. आधी कानठळ्या बसवणारा आवाज झाला, मग जमीन हादरली, मग काळा धूर वर चढला. विमान पोटावर घसरत गेले होते आणि त्याचा एक पंख मोडून बाजूला पडला होता. आतली दोन्ही माणसे मात्र जिवंत बाहेर आली. एकाचा हात मोडला होता, दुसरा लंगडत होता. खालच्या वाडीतले लोक धावत वर आले आणि दोघांना बाजेवर घालून घेऊन गेले. माळावर मोडके विमान तेवढे उरले.

गव्याने सभा बोलावली. धूर अजून पुरता विरला नव्हता.

पहिला मान वानराचा होता, कारण माथ्यावरच्या झाडावर बसून चहूकडे नजर ठेवण्याचे काम त्याचे होते. पण त्या सकाळी वानर आपल्या जागेवर नव्हता. ओढ्याकाठचा उंबर पिकला होता आणि हा पानांत तोंड घालून उंबरे खात बसला होता. तिथून माळ दिसत नाही. आवाज झाला तेव्हा त्याच्या दोन्ही गालांत उंबरे होती. आता हे खडकावर चढून सांगायचे कसे? आणि काही न सांगता उतरायचे कसे?

वानर खडकावर बसला, शेपटी नीट मांडली, आणि त्याला आठवले ते सांगून टाकले. "सकाळी घार माळाकडे उडत जाताना मी पाहिली," तो म्हणाला आणि खाली उतरला.

हे खोटे नव्हते. उंबरावर चढण्याआधी त्याने घारीला खरेच पाहिले होते. मुलांनो, एवढे लक्षात ठेवा. खोटे न बोलताही माणूस दुसऱ्याला बुडवू शकतो.

मग एकेक जण चढू लागला. रानडुक्कर म्हणाला, की विमानाच्या पोटात काही नसेल, उपाशी पोटी कोण किती चालणार. अस्वलाचे म्हणणे पडले, की हाकणाऱ्याला डुलकी लागली असेल, सकाळच्या गार वाऱ्यात ती लागतेच. मोराने माळावर जाऊन मोडका पंख पाहिला होता. पंखांची निगाच राखलेली नाही, असल्या मळक्या पंखांनी आकाशात जाऊच नये, असे त्याचे मत होते. सशाला वाटले, की ते कशाला तरी घाबरले असेल. विमान तर सर्वांनी एकच पाहिले होते, पण जो तो त्यात आपलेच पोट, आपलीच झोप आणि आपलीच पिसे पाहून आला होता.

कोल्हा सर्वांत शेवटी चढला. तो सगळ्यांचे ऐकून मग बोलत असे, म्हणून त्याला सगळे हुशार समजत.

"पोट, झोप, पिसं, ही सगळी नुसती बडबड झाली," कोल्हा म्हणाला. "डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एकच. विमान पडायच्या आधी घार तिकडे गेली होती. ती आडवी गेली, विमान बिचकलं आणि पडलं. आता माणसं येणार, आणि ज्यानं पाडलं त्याला शोधणार. तो इथं सापडला, तर आपल्या सगळ्यांच्या मागे बंदुका लागतील."

बंदुकीचे नाव निघताच मघाशी आपण काय बोललो, ते रानडुक्कर विसरला. अस्वलही विसरले. सगळ्यांनी माना वर करून आंब्याकडे पाहिले.

गव्याने घारीला बोलावून घेतले. ती आली आणि खडकावर बसली. तिचे अर्धे लक्ष मागे घरट्याकडे होते.

गवा म्हणाला, "घारबाई, तू माळाकडे गेली होतीस?"

"माळावरून पलीकडच्या तळ्यावर गेले होते. रोज जाते."

"मग विमान कशामुळं पडलं?"

"मला माहीत नाही," घार म्हणाली. "मी पाण्यावर होते. आवाज झाला तेव्हा वळून पाहिलं, तोवर ते पडलं होतं."

सभेत कुजबुज सुरू झाली. त्या खडकावर बसून आजवर कुणीही 'माहीत नाही' म्हटले नव्हते. तिथे बसणाऱ्याला काही ना काही माहीत असायचेच.

कोल्हा हसला. "ऐकलंत? सशालासुद्धा काहीतरी ठाऊक आहे. आकाशात होती ती एकटी हीच, आणि हिलाच काही ठाऊक नाही."

गवा वाईट नव्हता. पण त्याच्या शिंगांपेक्षा त्याची भीती मोठी झाली होती. त्याने सांगितले, की माणसे येऊन परत जाईपर्यंत घारीने नदीपलीकडे जाऊन राहावे. ती दिसली नाही, म्हणजे जंगल सुटले.

"माझी अंडी आहेत," घार म्हणाली. "पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबू द्या. मग मी आपण होऊन जाईन."

"अंड्यांची काळजी आम्ही घेऊ," गवा म्हणाला.

"कोण बसणार त्यांच्यावर?"

यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी गव्याने ते काम वानरावर सोपवले. वानराने मान खाली घालून होकार दिला. घार आंब्यावर गेली, चोचीने दोन्ही अंडी एकदा फिरवली आणि नदीपलीकडे उडून गेली. तिला वाद घालता आला असता. पण खाली इतकी तोंडे होती आणि वर ती एकटी.

वानराने आपल्या परीने काम केले. त्याने आंब्याची कोवळी पाने खुडून आणली आणि अंड्यांवर जाड थर घातला. कुणाला दिसू नयेत, ऊन लागू नये, पाऊस लागू नये, सगळा विचार केला. स्वतः बसायचे त्याच्या मनात आले होते, पण अंडी फुटतील म्हणून तो भ्याला. पानांना ऊब नसते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याने कधी अंडे घातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माणसे आली. त्यांच्याजवळ बंदुका नव्हत्या. विमान कशामुळे पडले ते तपासायला एक पिकल्या केसांचे साहेब आले होते आणि बरोबर त्यांचे मदतनीस. त्यांनी विमानाभोवती दोरी बांधली. जो तुकडा जिथे पडला होता तिथेच राहू दिला, त्याच्याशेजारी लहान झेंडी रोवली, फोटो काढला, अंतर मोजले आणि मगच तो उचलला. गवतातला एकेक खिळासुद्धा त्यांनी असाच उचलला. जंगलातले सगळे प्राणी झाडीत दबून हे पाहत होते. इतके हळू काम त्यांनी कधी पाहिले नव्हते. रानडुकराला तर पाहून पाहून जांभया आल्या.

वाडीतले लोकही पाहायला येत. तेही झाडीतल्या प्राण्यांसारखेच बोलत. कुणी म्हणे ढगात शिरले, कुणी म्हणे तेल संपले, कुणी म्हणे माळाच्या देवाला नारळ दिला नाही. जंगलातली एक साळुंकी लहानपणी त्या वाडीतल्या एका ओसरीवर पिंजऱ्यात राहिली होती. तिला माणसांची भाषा कळे. ती दोरीवर बसून ऐके आणि सभेत येऊन सांगे.

वाडीच्या पोलिसपाटलांनी एकदा साहेबांना चहा नेऊन दिला आणि विचारले, "साहेब, कशामुळं पडलं हो?"

"अजून माहीत नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही तर या कामात म्हातारे झालात. काही अंदाज तर असेल?"

"अंदाज ढीगभर आहेत, पाटील. पण मी एखादं नाव तोंडातून काढलं, की ते तुमच्या वाडीत जेवायच्या आधी पोहोचेल. उद्या ते चुकीचं ठरलं, तर मी ते कुठून कुठून परत आणू?"

पाटलांनी रिकामी कपबशी उचलली.

सामान आवरताना मदतनिसाने साहेबांना सांगितले, की इंजिन उघडून पाहिले, पंख पाहिले, पुढची काच पाहिली. पक्ष्याचे कुठेच काही नाही. पीस नाही, रक्ताचा डाग नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे पक्षी धडकलेला नाही. आडवाही कुणी आला नाही, ते दोघं वैमानिक तसं सांगतात. एवढं कळलं, एवढंच लिहा. बाकीचं कळायला पुष्कळ वेळ लागेल." मग ते तुकडे घेऊन निघून गेले.

साळुंकीने हे सभेत येऊन सांगितले, तेव्हा बराच वेळ कुणी खडकाकडे पाहिले नाही.

"मग पडलं तरी कशामुळं?" सशाने विचारले.

"त्यांना माहीत नाही," साळुंकी म्हणाली.

ज्यांनी विमान बनवले, त्यांच्याच माणसांना माहीत नाही. आणि इथे धूर विरायच्या आत निकाल लागला होता.

गव्याने साळुंकीला लगेच नदीपलीकडे पाठवले. घार आली. कुणाशी न बोलता ती सरळ आंब्यावर गेली. तिने चोचीने पाने दूर सारली. वरची पाने सुकली होती, खालची ओली होती. तिने अंडी पोटाखाली घेतली आणि पंख पसरून बसली. ऊन चढले तरी उठली नाही. तळ्यावर गेली नाही. दुसरा दिवस तसाच गेला आणि तिसराही. खालून जाणारा प्रत्येक जण आवाज न करता जाई.

मग एका सकाळी ती अंड्यांवरून उठली आणि बाजूच्या फांदीवर जाऊन बसली.

गवा आंब्याखाली आला. त्याच्या मागे सगळे आले. बोलायचे कुणाला सुचेना, आणि अशा वेळी कोल्ह्याला नेहमी सुचे. तो हळूच अस्वलाला म्हणाला, की अंडी मुळातच पोचट असतील. अस्वल म्हणाले, गारठा फार पडला. मोर म्हणाला, विमानाच्या आवाजाने दगावली असतील, आवाज काय थोडा होता?

घारीने वरून सगळे ऐकले. ती उडून बोलाच्या खडकावर जाऊन बसली. सगळे तिच्या मागे गेले.

"विमान कशामुळं पडलं, ते तुमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तरी तुम्ही सगळे बोललात. माझी अंडी कशामुळं गेली, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आता चढा आणि बोला."

ती खडकावरून उठून जवळच्या ओंडक्यावर बसली आणि वाट पाहू लागली.

कोल्हा जमिनीकडे पाहत राहिला. रानडुकराने उगाच माती उकरली. गव्याचे जड डोके खाली गेले, ते वर आले नाही.

फार वेळाने वानर पुढे झाला. तो खडकावर चढला. "मी काही पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मी उंबरावर होतो. खात होतो. मला माहीत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. लाज वाटली म्हणून म्हणालो नाही. तुझी अंडी त्यामुळं गेली."

कुणी हसले नाही.

घारीने त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. तिने त्याला क्षमा केली नाही आणि शापही दिला नाही. ती उडाली, आंब्यावरून एक घिरटी घातली आणि नदीपलीकडे गेली. या वेळी तिला कुणी जा म्हणून सांगितले नव्हते आणि ये म्हणून सांगण्याचे तोंडही कुणाला नव्हते.

त्या दिवसापासून गव्याने रीत बदलली. बोलाच्या खडकावर चढून 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला हसायचे नाही आणि त्याने सर्वांच्या बरोबरीने पाणी प्यायचे, असे ठरले. रीत चांगली आहे. आंबा मात्र रिकामाच आहे.

आता तुम्ही विचाराल, की मग ते विमान शेवटी पडले तरी कशामुळे?

मला माहीत नाही.

तात्पर्य : जे पाहिले नाही, त्याचे कारण सांगू नये; तसे सांगून 'माहीत नाही' म्हणायची आपली लाज टळते, पण तिची किंमत दुसऱ्याच्या घरट्यातून जाते.