इनासची कोरडी होडी

समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात इनास नावाचा सुतार राहत असे. वाड्यातले सगळे लोक ख्रिस्ती, आणि बहुतेकांच्या होड्या इनासच्या बापाने बांधलेल्या. बापाची कारागिरी मुलाच्या हातात उतरली होती. इनासने तासलेल्या फळीवर कोणी गाल घासला तरी कुसळ टोचत नसे. खोड एकच होती. हातातले काम त्याच्याने सोडवत नसे.

त्यालाही कारण घडले होते. त्याने बांधलेली पहिली होडी पाण्यात उतरली, तेव्हा तिच्यात पाणी शिरले. तसे ते प्रत्येकच नव्या होडीत पहिल्या दिवशी थोडेफार शिरते. पण किनाऱ्यावर कोणीतरी ओरडले, "इनासची होडी तहानलेली दिसते!" लोक हसले आणि घरी जाऊन विसरले. इनास मात्र विसरला नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताक फुंकून पितो. हा तर साधे पाणीही फुंकून पिऊ लागला. पुढची होडी अशी बांधायची की पहिल्या दिवशीसुद्धा तिच्यात थेंब येता कामा नये, असे त्याने मनाशी ठरवले.

अशात बस्त्याव नाखव्याने त्याला नवी होडी सांगितली. पावसाळ्यातच ती बांधून उभी राहिली. मोठी देखणी होती. पावसाळा सरला, मासेमारी सुरू झाली, तरी होडी इनासच्या मांडवातच. तो रोज फटी शोधी, त्यांत कापूस ठासी, वरून राळ ओती. दुसऱ्या दिवशी नव्या फटी दिसत, कारण कोरड्या हवेने लाकूड आकसत होते. होडी जितकी पाण्याबाहेर राही, तितक्या तिला फटी पडत. सुताराच्या पोराला हे ठाऊक नसेल काय? पण भीतीने माणसाची अक्कलही आकसते. बिचारा आपल्याच कामाच्या मागे धावून दमत होता.

बस्त्याव येऊन विचारी, "झाली काय रे?"

"थोडं राहिलंय, नाखवा."

इनासचे 'थोडं' काही केल्या संपेना.

एका सकाळी बस्त्यावची बायको फिलू मांडवात आली. ही आता भांडणार, म्हणून इनासने मान खाली घातली. पण ती भांडली नाही.

"आमचा माणूस अजून जुन्याच होडीतून जातो," ती म्हणाली. "तिचा तळ कुजलाय. काल पाण्याने अर्धी भरलेली होडी कशीबशी किनाऱ्याला लागली. इनास, तुझी होडी चुकेल म्हणून तू भितोस. माझा माणूस परत येणार नाय म्हणून मी भिते. सांग, कोणाची भीती मोठी?"

हातातला कापूस तसाच धरून इनास चर्चमध्ये फादरांकडे गेला. नवी होडी समुद्रात घालण्याआधी फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद द्यायचा, असा त्या वाड्याचा रिवाज होता.

"फादर, होडी निर्दोष झाली नाही," तो म्हणाला. "आशीर्वादाला तुम्हाला कसं बोलावू?"

फादर हसले. "निर्दोष होडीला आशीर्वाद लागतो कशाला? इनास, कधीच न चुकणाऱ्याची जागा देवाची आहे. ती रिकामी नाही."

"आणि चुकलो तर?"

"बुडणाऱ्याचा हात प्रभू आधी धरतो. काय चुकलं, ते मग विचारतो."

इनासला रडू आले. रोज गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस तो. पण आपण जसे आहोत तसे देवाला चालतो, हे त्याला कधी खरेच वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी फादरांनी आशीर्वाद दिला आणि चार जणांनी होडी पाण्यात लोटली. पाणी शिरले. एवढे दिवस सुकलेली होडी ती, पाणी भसाभसा शिरले. किनाऱ्यावर कोणीतरी हसलेच. पळून मांडवात लपावे असे इनासला वाटले. पण तो पळाला नाही. डबा घेऊन होडीत चढला आणि बस्त्यावच्या जोडीने पाणी उपसू लागला.

"प्रभू, माझ्या हातून झालं तेवढं मी केलं," तो पुटपुटला. "आता तू सांभाळ."

दोघांचे हात भरून आले. दुपार कलली तसे लाकूड पाणी पिऊन फुगू लागले, फळीला फळी भिडली आणि एकेक फट आपोआप मिटत गेली. जे काम कापसाला आणि राळेला जमले नव्हते, ते समुद्राने केले. काठावर उभ्या असलेल्या फिलूने क्रूसाची खूण केली आणि ती मटकन वाळूत बसली.

त्या रात्रीपासून बस्त्याव नव्या होडीने समुद्रावर जाऊ लागला. मागच्या बाजूची एक बारीक फट मात्र तशीच झिरपत राहिली. इनासला राहवेना. "नाखवा, होडी वर घ्या. तेवढी फट बुजवून देतो."

बस्त्याव म्हणाला, "राहू दे रे. सकाळी एक डबा पाणी काढतो, तेवढीच देवाची आठवण होते."

इनास क्षणभर त्या फटीकडे बघत राहिला. मग स्वतःशीच हसला आणि ती तशीच सोडून घरी जेवायला गेला.

तात्पर्य: देव आपल्याकडे बिनचूकपणा मागत नाही, विश्वास मागतो. आपल्याकडून होईल तेवढे मनापासून करावे आणि न भिता पाण्यात उतरावे. आपण चुकलो तरी त्याचा हात आपल्याला सोडत नाही.