थोरलीने ओढलेला दात

एका गावात एकाच अंगणात दोन जावा राहत होत्या. भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या होत्या, पण अंगण एकच, तुळस एकच आणि धुणं वाळत घालायची दोरीही एकच. त्यामुळे कुणाकडे काय शिजलं, कुणाला नवं लुगडं आलं, काही म्हणजे काही झाकून राहायचं नाही. थोरलीला तर धाकटीच्या घरची फोडणी नुसत्या वासावरून कळायची. "आज लसूण सढळ हातानं घातलाय हिनं," असं पुटपुटत ती आपल्या आमटीत दोन पाकळ्या जास्त ठेचून टाकायची.

दोघींना एकेक लेक. थोरलीची ठमी आणि धाकटीची बकुळी. मुली एका वयाच्या, एका ताटात जेवणाऱ्या. त्यांच्यात आपापसात हेवादावा काही म्हणजे काही नव्हता. जे काय जळत होतं ते थोरलीच्या पोटात.

त्या गावात एक गोड रीत होती. मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की त्याला पाटावर बसवून ओवाळायचं. मग तो दात शेणाच्या गोळ्यात घालून मुलानं स्वतः कौलांवर भिरकावायचा, आणि आळीला गूळखोबरं वाटायचं.

एके दिवशी पेरू खाताना बकुळीचा दात पडला. झालं! अंगणात रांगोळी आली, पाट आला, आळीतल्या बायका जमल्या. "आमची बकुळी मोठी झाली हो," धाकटी ज्याला त्याला सांगत होती. थोरलीनं तळहातावरचं गूळखोबरं तोंडात टाकलं खरं, पण ते तिला भुशासारखं लागलं.

घरात येताच तिनं ठमीचा जबडा उघडला आणि एकेक दात चाचपून पाहिला.

"तुझे का गं नाही हलत?"

"मी काय करू, आई? त्यांना तिथं बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणे! ती बकुळी बघ, पुढं निघून गेली."

"कुठं गेली? ती तर अंगणात आहे," ठमी म्हणाली आणि खेळायला पळाली.

थोरलीनं रोज सकाळी दात चाचपायचा सपाटाच लावला. त्यात बकुळीचा दुसरा दातही हलायला लागला, तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना. दुपारी आळी निजली होती. तिनं ठमीला मांडीवर घेतलं, सुळ्याजवळच्या एका दाताला दोरा बांधला, "डोळे मीट, गंमत दाखवते," म्हणाली आणि दिला हिसका. ठमीची किंकाळी ऐकून आळी जागी झाली.

"हलतच होता मेला," थोरली हसत हसत सगळ्यांना सांगू लागली. पाट मांडला, ओवाळणं झालं, गूळखोबरं तर धाकटीपेक्षा दुप्पट वाटलं. आळीतली एक म्हातारी तेवढी तो दात डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अगं, ह्याला तर एवढं लांब मूळ आहे. आपणहून पडलेल्या दाताला मूळ नसतं बाई."

"आजी, तुम्हाला हल्ली कमी दिसतं," असं म्हणून थोरलीनं दात तिच्या हातातून काढूनच घेतला.

दिवस गेले. ठमीच्या तोंडातली ती खिडकी हळूहळू बारीक होत गेली. तिथं यायचा पक्का दात उगवला तेव्हा त्याला जागाच उरली नव्हती. तो आला तो तिरपा, शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून. ओठ मिटला तरी टोक बाहेर दिसायचं. शाळेत पोरं चिडवू लागली, आणि खो खो हसणारी ठमी तोंडावर हात धरून हसायला शिकली. पुढं पुढं तर हात धरण्याइतकंही हसेना.

इकडं बकुळीचंही फार बरं चाललं नव्हतं. तिला निजताना अंगठा चोखायची सवय लागली होती आणि तिचे वरचे दोन दात पुढं आले होते. हे पाहून थोरलीला मनातून थोडं गार वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

बाजाराच्या गावी दातांच्या एक वैद्यीणबाई होत्या. दोघी जावा एकाच बैलगाडीत मुलींना घेऊन तिकडं गेल्या. वैद्यीणबाईंनी आधी बकुळीला पाहिलं.

"अंगठा चोखतेस ना गं? रोज थोडं थोडं ढकललं तर भिंतसुद्धा कलते, हे तर दात आहेत. अंगठा सोडलास तर लवकर मागं जातील." मग त्यांनी ठमीचं तोंड उघडलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "कुणाकुणाचा जबडा लहान आणि दात मोठे, म्हणून गर्दी होते. कुणाचा दुधाचा दात हटूनच बसतो, मग नवा बाजूनं वाट काढतो. पण हिचा तसा प्रकार दिसत नाही. दुधाचा दात वेळेआधी निघाला का?"

"आपणहूनच पडला," थोरली म्हणाली.

ठमीनं आईकडं पाहिलं.

"हं," वैद्यीणबाई म्हणाल्या. "लग्नाच्या पंगतीत कुणी तरी आपल्या माणसासाठी जागा धरून बसतं, तसा दुधाचा दात बसलेला असतो. त्याला आधीच उठवलं की आजूबाजूचे सरकून घेतात. मग ज्याचं पान तिथं होतं, त्यानं बसायचं कुठं?"

त्यांनी दोघी मुलींच्या दातांवर चांदीची बारीक तार बसवली. "ही तार दाताला ओढत नाही, समजूत घालते. दर पौर्णिमेला या, मी केसभर आवळीन. घरी कुणी हात लावायचा नाही. आणि दात जागेवर आला तरी तार लगेच काढायची नाही, नाही तर तो जुन्या जागी परत जायला बघतो."

बकुळीचं काम सोपं होतं. वर्ष सरता सरता तिचे दात ओळीत आले आणि पुढं काही महिन्यांनी तार निघाली. धाकटीनं त्या आनंदात सांजा केला आणि वाटी घेऊन जावेच्या दारात आली. "जाऊबाई, बघा तरी कशी दिसते!"

थोरलीनं पाहिलं. मोत्याची लड. तिनं वाटी घेतली, "छान हो," म्हणाली, आणि त्या सांज्याला हात न लावता तो गाईपुढं ठेवला.

'पौर्णिमेला केसभर, म्हणजे कधी व्हायचं?' तिच्या डोक्यात एकच घोळू लागलं. 'लग्नाच्या वयाची होईल तोवर तारच घालून बसेल माझी पोर. केसभराऐवजी बोटभर आवळली तर काय बिघडलं?'

तिनं चुलीजवळचा बारका चिमटा घेतला. ठमी "नको, बाई नको म्हणाल्यात," म्हणत होती, तरी तिनं तारेला पीळ दिला. एक दिला, मग आणखी एक दिला.

सकाळी ठमीची हिरडी टरारून सुजली होती आणि अंगात ताप होता. थोरलीनं दाताला बोट लावलं. दात हलला.

ज्या हलण्याची तिनं कधी काळी रोज वाट पाहिली होती, ते आज बोटाला लागलं आणि तिनं बोट झटकन मागं घेतलं. हा काही दुधाचा नव्हता. हा गेला तर मागून कुणी येणार नव्हतं.

वैद्यीणबाईंनी तार सोडवली. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबायचं. पेज द्या. दातानं हाड धरलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. नाही धरलं तर माझ्याही हातात काही नाही."

थोरली ओट्यावर बसून ठमीला चमच्यानं पेज भरवायची. एकदा धाकटी येऊन शेजारी टेकली. थोरलीला वाटलं, आली मजा बघायला. पण धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जाऊबाई, कुणी केलं हे?"

थोरलीच्या तोंडाशी खोटं आलं होतं. तिनं ते गिळलं. "मीच केलं गं. तारही मीच पिळली आणि तो दुधाचा दातही मीच ओढला. तुझ्या बकुळीचा आधी पडला, ते मला बघवेना."

धाकटी पदराशी चाळा करत म्हणाली, "बकुळीला अंगठा चोखायची सवय कशानं लागली, ठाऊक आहे? तुमची ठमी पहिल्या नंबरानं पास झाली ना, तेव्हापासून मी रोज रात्री बकुळीला टोचायचे. ठमी बघ, ठमी बघ. पोर रडून रडून अंगठा तोंडात घालून निजायची. तुम्ही माझ्याकडं बघून जळत होता आणि मी तुमच्याकडं बघून. दात मात्र पोरींचे वाकडे झाले."

दोघी पदरानं डोळे पुसत राहिल्या. पेज गार झाली. शेवटी ठमीच म्हणाली, "काकू, तुमचं रडून झालं असेल तर थोडं तूप घाला ना यात."

पौर्णिमेला वैद्यीणबाईंनी दाताला बोट लावलं, जरा दाबलं, पुन्हा दाबलं. थोरली श्वास धरून उभी होती.

"धरलंय," वैद्यीणबाई म्हणाल्या. "पण आता आधीपेक्षा जास्त काळ लागेल. अगदी सावकाश करावं लागेल."

गाडी घराकडं वळली. वाटेत बकुळीनं विचारलं, "मोठी आई, ठमीची तार कधी निघणार?"

थोरलीनं एका हातानं ठमीला आणि दुसऱ्या हातानं बकुळीला जवळ ओढलं.

"निघेल तेव्हा निघेल गं," ती म्हणाली. "आम्हाला कुठं घाई आहे?"

तात्पर्य: दुसऱ्याच्या लेकराकडं बघून आपल्या लेकराला घाई करू नये, दात काय आणि मूल काय, आपल्या वेळेनं आणि मायेच्या हातानंच सरळ वाढतं.