पिंगळ्याला बसवलेलं कार्ड

"आणि हे करायला तुला किती वेळ लागला?" सोमगिरी बुवांनी विचारलं.

"वेळ लागतच नाही, बुवा. तीच तर गंमत आहे," यशोधन म्हणाला. "डोळ्याचं पातं लवायच्या आत पंचांग हजर. बघा तरी."

बुवांनी विचारलं होतं करायला किती वेळ लागला. यशोधनने सांगितलं चालायला किती लागतो. बुवांच्या ते लक्षात आलं, पण ते पडद्याकडे बघू लागले.

पंचांग खरोखरच हजर होतं.

नदीकाठच्या ह्या मठात दत्ताच्या पादुकांखालोखाल मान होता तो एका कॉम्प्युटरला. घरातल्या टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर नुकते निघाले होते, त्या काळातला. परदेशातून परतलेल्या कुणा भक्ताने तो मठाला देऊन टाकला. बुवा पूर्वाश्रमीचे गणिताचे मास्तर. त्यांनी पुस्तकात बघून बघून तिथी आणि नक्षत्र काढायचा प्रोग्राम स्वतः लिहिला आणि कॅसेटवर साठवून ठेवला.

तेव्हापासून गावाला कुठलाही दिवस बघायचा झाला की गाव मठात येई. बुवा टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालत. ती सहा-सात मिनिटं किर्र किर्र ओरडत राही, आणि मग पंचांग मशीनमध्ये भरलं जाई. ओरडतो आणि पुढचं सांगतो, म्हणून गावाने त्याचं नाव पिंगळा ठेवलं.

पिंगळा लहरी होता. पहिल्या फेरीत भरला तर भरला. नाहीतर कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आज रुसलाय," बुवा म्हणत. आलेला माणूस पुन्हा मांडी घालून बसे.

यशोधन ह्याच पिंगळ्यावर प्रोग्राम लिहायला शिकला होता. शाळा सुटली की तो बुवांच्या शेजारी येऊन बसे. टेपरेकॉर्डरच्या आवाजाचं बटण नेमकं कुठे ठेवलं तर कॅसेट नीट भरते, हे त्यानेच शोधून काढलं होतं आणि तिथे शेंदराचा ठिपका लावला होता. तरीही पिंगळा रुसायचा तो रुसायचाच. यशोधनच्या मनाला ते फार लागलं होतं.

पुढे तो पुण्याला गेला, चांगल्या पगारावर लागला, लग्न झालं. आणि आता इतक्या वर्षांनी त्याने गुरूच्या मशीनसाठी एक छोटा बोर्ड स्वतः सोल्डर करून आणला होता. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड. पिंगळ्याच्या पाठीत तो बोर्ड खोचला की कॅसेट नको, टेपरेकॉर्डर नको आणि रुसवाही नको.

काम चोख होतं. त्यात खोट काढायची तर खोटंच बोलावं लागलं असतं.

पण यशोधन काही कार्ड बसवायला आला नव्हता. त्याची नोकरी गेली होती. चैत्रात गेली, आता ज्येष्ठ संपत आला होता, आणि बायकोला, शलाकाला, त्याने अजून पत्ता लागू दिला नव्हता. रोज सकाळी तो डबा घेऊन घराबाहेर पडे, मित्राच्या बंद गाळ्यात बसे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परते. बुवांपाशी मन मोकळं करू, असं ठरवून तो आला होता. आणि आल्यापासून कार्डाचं पुराण लावून बसला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

शलाका बरोबरच आली होती. बुवांनी तिला मठाच्या परसात पाठवलं होतं. वांगी चांगली धरली होती, हवी तेवढी तोडून ने म्हणाले होते.

तेवढ्यात हौसाबाई दारात आली. खालच्या आळीतली म्हातारी, एकटी राहणारी.

"बुवा, ल्येकाकडं जायाचं म्हंते. कवा निघू?"

बुवांनी तोंड उघडायच्या आत यशोधनने कळ दाबली.

"मावशी, परवा दशमी आहे. चांगला दिवस आहे."

"झालं?"

"झालं."

हौसाबाई बसायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती. ती तशीच पुन्हा सरळ झाली.

"आज वरडला न्हाई त्यो?"

"आता नाही ओरडायचा. नवीन कार्ड बसवलंय त्याला."

"बरं..." ती म्हणाली. पदर सारखा केला. उंबऱ्यापाशी जाऊन जराशी थांबली. "बरं. येते मंग."

बुवा तिच्या पाठीकडे बघत राहिले.

"बघितलंत?" यशोधन म्हणाला. "एरवी बिचारीचा अर्धा तास मोडला असता."

"मागच्या खेपेला मोडला होता," बुवा म्हणाले. "लेकाच्या घरी सून पोटभर वाढत नाही, हे तिने दुसऱ्या फेरीत सांगितलं."

यशोधनने वळून रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं.

"आज काय सांगणार होती, कुणास ठाऊक... तिन्हीसांजेला जाऊन येतो तिच्याकडे."

बुवा उठले. पिंगळ्याच्या पाठीतला बोर्ड त्यांनी अलगद काढला, अंगावरच्या छाटीच्या टोकाने पुसला आणि नेऊन पादुकांपाशी ठेवला.

यशोधनचा चेहरा उतरला. "आवडला नाही का, बुवा?"

"फार आवडला. एकेक टाका सोनाराने दिल्यासारखा आहे. दमूनभागून घरी आलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. दिवसाउजेडी, निवांत बसून केलेलं काम आहे हे."

यशोधनने मान खाली घातली.

बुवांनी पितळी तांब्या उचलला. त्याला पाणी ओतून दिलं. ते तो घटाघटा प्यायला.

"मला एक दिवस बघायचाय, बुवा," तो भांडं खाली ठेवत म्हणाला.

"कशासाठी?"

"एक गोष्ट सांगायचीय... एका माणसाला."

"मग बघू की." बुवांनी कॅसेट उचलली.

"बुवा, कार्ड आहे ना."

"आहे. राहू दे तिथे. घाईने कुणी आलं तर लागेल. तुला घाई आहे का?"

यशोधनला घाई कसली असणार.

बुवांनी कॅसेट घातली, बटणावरून हात फिरवला आणि टेप चालू केली. पिंगळा ओरडायला लागला. पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे पळू लागले. ह्या सहा-सात मिनिटांत दुसरं काही करता येत नाही. हाताला काम नसतं, आणि समोर माणूस असतो.

यशोधन जमिनीकडे बघत बसला. फरशीच्या एका भेगेवरून त्याने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बुवा."

"हं."

"नोकरी गेली."

"हं."

"चैत्रातच गेली. खूप जणांना काढलं, त्यात मीही." त्याने परसाच्या दाराकडे पाहिलं. "शलाकाला माहीत नाही."

त्याचं बोट पुन्हा भेगेवर गेलं.

"रोज डबा भरून देते, बुवा. जास्तीची भाजी देते, ऑफिसात सगळ्यांना म्हणून. परवा विचारलं, गवार आवडली का सगळ्यांना? मी म्हटलं, चाटूनपुसून खाल्ली सगळ्यांनी..." त्याने तोंड फिरवलं. "मी एकटाच असतो हो तिथे. एकट्याने खातो सगळं. टाकवत नाही."

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी तिथेच राहू दिला.

यशोधन रडला. चांगला मोकळेपणाने रडला. पिंगळ्याच्या ओरडण्यात परसापर्यंत काही गेलं नाही.

"आधी वाटलं, दुसरी मिळाली की सांगू," तो डोळे पुसत म्हणाला. "मग उशीर झाला. आता नोकरी गेल्याचं काही नाही, बुवा. इतके दिवस खोटं बोललो, ते कसं सांगू? ती म्हणेल, मी काय परकी होते का?"

"म्हणेल."

"मग?"

बुवांनी फिरणाऱ्या कॅसेटकडे बघितलं.

"निदान दिवस तरी चांगला सांगा."

"भरू दे," बुवा म्हणाले. "बघू."

टेप संपली. एकदम शांत झालं. परसात शलाका स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, ते आतपर्यंत ऐकू आलं. दोघांनीही थोडा वेळ तेच ऐकलं.

पडद्यावर पंचांग नव्हतं. चुकलं, असं सांगणारी एक ओळ होती.

"रुसला," बुवा म्हणाले.

यशोधनची नजर जुन्या सवयीने टेपरेकॉर्डरकडे गेली. शेंदराचा ठिपका होता तिथेच होता. बटण मात्र त्याच्यापासून चांगलं बोटभर लांब होतं.

"बुवा, बटण ठिपक्यावर नव्हतं."

"नव्हतं का?"

"असं भरलंच नसतं ते. कितीही वेळ बसलो असतो तरी."

बुवांनी कान खाजवला.

यशोधन त्यांच्याकडे बघत राहिला. लहानपणापासून पाहिलेली माणसं त्याला आठवू लागली. रुसलाय म्हटल्यावर पुन्हा मांडी घालणारी, आणि मग दिवस न विचारताच डोळे पुसत निघून जाणारी. ठिपका लावल्यावरही पिंगळा का रुसतो, म्हणून आपण किती रात्री तळमळलो, तेही आठवलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..."

त्याला हसू आलं. डोळे अजून ओलेच होते. त्याने नाक पुसलं आणि बटण ठिपक्यावर आणायला हात पुढे केला.

बुवांनी तो हात वरच्यावर धरला.

"राहू दे आहे तिथे," ते म्हणाले. "कॅसेट मागे घे. आणि शलाकाला आत बोलाव."