सावली फिरेपर्यंत

देवाशप्पथ, ही गोष्ट मी या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नव्हते, पण ते सोडा.

दुष्काळात वानरांची एक टोळी अनोळखी रानात आली. टोळीचा हुप्प्या भोरप्या. त्याचा नियम एकच होता. नव्या झाडाचं पहिलं फळ तो एकटा खाणार, आणि झाडाची सावली या बाजूची त्या बाजूला जाईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं.

टोळीतल्या झिपरीचं पिल्लू भुकेनं कासावीस व्हायचं. "वा रे पुढारी! आधी स्वतःची ढेरी, मग आमची लेकरं!" ती सगळ्यांदेखत म्हणायची.

"सावली फिरू दे गं," एवढंच तो म्हणायचा.

एके दिवशी लालबुंद फळांचं झाड लागलं. भोरप्यानं एक फळ खाल्लं. झिपरीला धीर निघेना. तिनं हळूच एक तोडून पिल्लाच्या तोंडाशी नेलं, तोच भोरप्या धपकन खाली कोसळला. तोंडाला फेस आला होता.

"फेकून दे, झिपरे!" तो कसाबसा ओरडला.

तिच्या हातातलं फळ गळून पडलं.

भोरप्या तीन दिवसांत खडखडीत बरा झाला. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, टोळी आणखी एका नव्या झाडाखाली पोचली. भुकेनं सगळ्यांचे डोळे पांढरे झालेले, तरी कुणाचा हात पुढे होईना. झिपरीनं पिल्लू जावेच्या कडेवर दिलं, वर चढली आणि पहिलं फळ खाल्लं. खाली गलका झाला.

"सावली फिरू दे रे," ती म्हणाली.

आता खरं सांगतो. भोरप्या बरा झाला, एवढं मी पदरचं घातलंय.