वेताच्या बनातली वाट

बाळांनो, समुद्रापलीकडच्या एका बेटावर, बारमाही पावसाच्या दाट रानात, एक बुटकी रानम्हैस आपल्या पारडासह राहत असे. उंचीने ती शेळीपेक्षा थोडीशीच मोठी. शिंगे आखूड, सरळ, मागे झुकलेली. काटेरी वेताच्या बनात तिचे घर होते. मान खाली घालून नाक पुढे ताणले की तिची शिंगे पाठीला टेकत आणि ती काट्यांखालून अलगद आत शिरे. मागे वेत पुन्हा मिटून जात. शिकाऱ्याचे कुत्रे बनापाशी येत, नाकाला काटे टोचून घेत आणि परत फिरत.

एकदा नदीवर तिला गावातली थोरली म्हैस भेटली. "कोण गं तू? मला वाटले, शेळीच आली पाण्यावर!"

"मी म्हैसच आहे, ताई."

"म्हैस? आणि चोरासारखी मान खाली घालून झुडपातून निघतेस? आम्ही निघालो की माणसेसुद्धा बाजूला होतात!"

बुटकीला ते फार लागले. दुसऱ्या दिवसापासून ती वेत मोडू लागली. शिंगांनी वाकवायचे, खुरांनी तुडवायचे. तोंड रक्ताळले तरी थांबली नाही.

वरच्या फांदीवरून धनेश पक्षी म्हणाला, "बाई, हे काय मांडले आहेस? पारडू आत झोपते ना?"

"त्यालाही ताठ मानेने चालता यायला हवे."

"तुम्ही चालाल गं. पण वाट काही तुम्हा दोघांनाच ओळखत नाही."

"तू उडणारा. तुला काय कळते चालण्यातले?"



वाट रुंद झाली. पारडाला निजवून ती ताठ मानेने नदीवर गेली. थोरली म्हैस त्या दिवशी आलीच नव्हती. बुटकीने थोडा वेळ वाट पाहिली, पाणी प्यायली आणि परतली. तिच्या नव्या वाटेवरच्या चिखलात कुत्र्यांचे पाय उमटले होते. त्यांच्या शेजारी माणसाचे. आत पानांचे अंथरूण विस्कटलेले होते.  तिने त्यावर नाक टेकले. ते अजून ऊबदार होते.

ती पारडाला हाका मारत राहिली. धनेश वरच होता. 

पुढे पावसाने वेत पुन्हा वाढले, वाट बुजली. बुटकी आता मान खाली घालूनच आत शिरते. पण आत जपायला कोणी नाही.

तात्पर्य : ज्या उणेपणाची आपल्याला लाज वाटते, त्याच्याच आडोशाला कधी कधी आपले लहानगे निजलेले असते; कोणाच्या टोमण्यापायी तो आडोसा मोडू नये.