पेवात बसलेल्याचं नाव

एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा शिष्य हळदीच्या मुलखातून चालले होते. आचार्य शब्दांचे जाणकार. कोणता शब्द कुठल्या देशी जन्मला, कुणाच्या तोंडून कुठे गेला, वाटेत त्याचा अर्थ कसा पालटला, हे लोकांनी विचारावं आणि त्यांनी सांगावं. शिष्य तरुण आणि तल्लख. एकदा ऐकलं की पाट्याला टाकी लावावी तसं कोरलं जायचं. पण नवी विद्या पोटात गेली की ढेकर हा येतोच. कुणी भ्यालेलं दिसलं की हा म्हणायचा, "नाव ठाऊक नाही म्हणून भिता. नाव कळलं की भीती संपली."

त्या मुलखात हळद पेवात साठवतात. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला मोठा रांजणच म्हणा ना. तोंड एका माणसापुरतं, आतलं पोट ऐसपैस. हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वरून माती लिंपायची. मग वर पाऊस पडो की ऊन तापो, आतली हळद जशीच्या तशी.

भर दुपारी माळावर माणसं गोळा झालेली दिसली. एक पेव नुकतंच उघडलं होतं, आणि त्याच्या तोंडाजवळ कुणीच नव्हतं. सगळे लांब, अंग चोरून उभे. पेवाचा धनी, एक लठ्ठ व्यापारी, आचार्यांना पाहून धावत आला.

"महाराज, तुम्हीच सांगा या लोकांना. आत कुणीतरी बसलंय म्हणतात."

"कोण?"

"कुणी पाहिलंय त्याला? गेल्या उन्हाळ्यात माझे मेहुणे हळद बघायला उतरले. हाक नाही, ओरडा नाही. वाकून पाहिलं तर हळदीवर डोकं टेकून निजलेले. वरून गळ टाकून काढले. अंगावर ओरखडा नव्हता, महाराज. चेहरा असा, की कुणी कानाशी लागून काही सांगतंय आणि हे ऐकतायत. तेव्हा पेव लिंपलं, ते आज उघडलं. आता एक हमाल उतरायला राजी नाही."

"तूच उतर की, शेठ," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "माल तुझा, पेव तुझं."

"मेल्या, माझं पोट जाईल का त्या तोंडातून?" व्यापारी उसळला. दोघंतिघं हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

बाभळीखाली व्यापाऱ्याची बहीण उभी होती. गेला तो हिचाच नवरा. ती एवढंच म्हणाली, "दादा, हळद गेली तर जाऊ दे. आता कुणाला आत सोडू नकोस."

शिष्याला राहवेना. "ताई, आत भूत नाही की पिशाच्च नाही. आत वायू आहे, वायू. मी उतरतो आणि दाखवतो." त्यानं दोर कमरेला बांधला आणि पेवाच्या काठावर आत पाय सोडून बसलाही.

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा अडवणार. आचार्यांनी अडवलं नाही. त्यांनी एक शिंकं मागवलं, त्यात पणती पेटवून ठेवली आणि म्हणाले, "उतर हो. पण दुसऱ्याच्या घरी जाताना दारातून हाक मारावी, ही रीत. आत जो आहे त्याला नावानं हाक मार. मी दिवा पुढे पाठवतो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एवढा ज्ञानी माणूस, आणि आत असलेल्याला हाक मारायला सांगतो?

शिष्यानं चिडून खाली तोंड केलं. "वायू!"

विहिरीत हाक मारली तर विहीर ती परत करते. पेवानं परत केली नाही. शब्द आत गेला आणि राहिला. शिंकं हळूहळू खाली उतरलं, आणि पुरुषभर खोलीवर पणती विझली. फडफडली नाही, तडतडली नाही. कुणी ओंजळीनं अलगद झाकावी तशी गेली.

आचार्यांनी ती वर ओढून पुन्हा पेटवली. "वायू म्हणजे वाहणारा. हा वाहतोय का?"

तोंडाशी कोळ्याचं जाळं लोंबत होतं. त्याचा धागासुद्धा हलत नव्हता.

"नाही."

"मग दुसरी हाक मार."

शिष्यानं प्राचीन रोमच्या भाषेतला शब्द उच्चारला. त्याचा अर्थ श्वास, आणि आत्माही तोच. पणती गेली, पुन्हा तिथेच, त्याच खोलीवर.

"श्वास म्हणतोस. मग हा देतोय की घेतोय?"

तिसरी हाक थंड देशातल्या खाणकामगारांची. ते खाणीत साचणाऱ्या अशा हवेला वाईट हवामान म्हणतात. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पणती गेली. आता शिष्याचा आवाज उतरला होता. चौथं नाव त्यानं पुटपुटल्यासारखं घेतलं. "गॅस."

या खेपेला आचार्यांनी शिंकं वर ओढलं नाही. "बघ," ते म्हणाले.

विझल्या वातीचा धूर वर यायला हवा होता. तो वर आला नाही. दुधावर साय धरावी तसा तो आडवा पसरला. पेवाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत करडी, सपाट, तलम साय. तिच्याखाली काहीच दिसत नव्हतं, आणि तरी तिथे काहीतरी काठोकाठ भरलेलं होतं. ती साय किंचित वर आली, किंचित खाली गेली. निजलेल्याची छाती हलते तशी.

शिष्याचे पाय आत लोंबकळत होते. आणखी दोन-तीन हात उतरला असता तर पाय त्या सायीत गेले असते, आणि मागोमाग तोंड. त्यानं पाय वर घेतले. कमरेची गाठ सोडली.

आचार्य त्याच्या शेजारी मातीतच बसले. "बाळ, हा शेवटचा शब्द घडवणारा पश्चिमेकडचा एक वैद्य होता. जळत्या कोळशातून, आंबत्या रसातून काहीतरी निघतं, भांड्यात कोंडता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्याला नाव काय द्यावं? यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, जुन्या भाषेत सृष्टीच्या आधी जी आ वासलेली, अथांग पोकळी होती, तिचा 'खाओस' हा शब्द त्यानं उचलला आणि त्याचाच 'गॅस' केला. एवढा मोठा विद्वान, पण काठावर उभा राहून त्याला एक जबडाच आठवला. आपल्या पूर्वजांना वारा आठवला, रोमच्या लोकांना श्वास, खाणवाल्यांना बिघडलेलं आभाळ. सगळी नावं काठावर थांबलेल्यांनी ठेवली आहेत. जे खाली गेले, त्यांनाच तो भेटला. पण नाव सांगायला त्यांतलं कुणी वर आलं नाही."

त्या शब्दाचं पुढे काय झालं पाहा. आज आपल्या स्वयंपाकघरात सून दूध उतू जाताना ओरडते, "अहो, गॅस बंद करा!" आ वासलेला अंधार आता कळ फिरवली की निमूट गप्प बसतो, असं आपल्याला वाटतं.

मग आचार्यांनी कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधायला सांगितले. गड्यांनी ते पेवात वरखाली, वरखाली घुसळले. दिवस मावळेपर्यंत घुसळले, रात्रभर तोंड उघडं ठेवलं, सकाळी पुन्हा घुसळले. मग पणती तळाला टेकली आणि शांतपणे जळत राहिली. तेव्हा शिष्य उतरला. या वेळी त्याची नजर ज्योतीवरून हलत नव्हती.

वर आला तो हातात एक कंदील घेऊन. "हळदीत उभाच रुतला होता."

व्यापाऱ्याच्या बहिणीनं तो हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला. आत रॉकेल डुचमळलं. तिनं काच उचलून वात पाहिली. जेमतेम काळी पडली होती.

"म्हणजे कंदील आधी विझला," ती सावकाश म्हणाली. "त्यांना तो विझलेला दिसला असणार. मी म्हटलं होतं, कंदील विझून अंधार झाला की वर या. तर म्हणाले, 'रोजच्या ओळखीचं पेव आहे गं, भ्यायचं काय?'"

व्यापारी शिष्याजवळ सरकला. "पंडितजी, मग आत होतं त्याला नेमकं म्हणायचं तरी काय?"

शिष्याला चारही नावं येत होती. त्यानं एकही उच्चारलं नाही. त्या बाईसमोर त्यानं फक्त मान खाली घातली. आचार्यांनी ते पाहिलं आणि काठी उचलून चालू लागले.

शब्द तोंडात रुळला की वस्तू ओळखीची वाटू लागते. जपायचं ते तिथेच.